तिसरा हिस्सा

"चहा हाय का भांडी विसळल्यालं पाणी? आणि ही बघ, कप धरून बसलीया जणू अमृत मिळालंय."

मी कप ओठांशी नेता नेता थांबले. शेजारच्या स्टुलावर बाबालालचाचा बसले होते. तोंड मिटलेलं, नजर समोरच्या भिंतीवर. बोलला होता तो त्यांच्या गळ्यावर चिकटवलेला, विड्याच्या पानाएवढा, कातडीच्या रंगाचा तुकडा.

"चाचा, ऐकू आलं मला."

ते दचकले. "आयला, ह्ये बी बोललं व्हय?" हेसुद्धा तुकडाच म्हणाला, आणि मग आम्ही दोघं हसलो. त्यांचं हसणं मात्र मुकं. हसायला तुकडा अजून शिकला नव्हता.

घशाच्या कर्करोगात स्वरयंत्र काढून टाकतात, पण मेंदूला ते कुणी कळवत नाही. माणसानं बोलायचं मनात आणलं की मेंदू मानेच्या आणि जबड्याच्या स्नायूंना हुकूम सोडतच राहतो. हुकूम म्हणजे विजेची एक बारीकशी लहर. तुकड्यातले केसाहून पातळ धागे ती लहर टिपतात, आतली चिप त्यातून शब्द जुळवते, आणि ते शब्द त्या माणसाच्याच जुन्या आवाजात बाहेर येतात. त्यासाठी जुनी ध्वनिमुद्रणं लागतात. चाचांची होती. आमच्या कारखान्यात दर खंडेनवमीला यंत्रांची हजेरी घेतात. साचे घडवणाऱ्या टूलरूमचे प्रमुख म्हणून चाचा माइकवरून पुकारायचे, "लेथ नंबर तीन!" आणि तिथला कामगार हळदकुंकवाचं बोट लावून ओरडायचा, "हजर!" वीस वर्षांच्या त्या हजेरीतून त्यांचा आवाज परत घडवला होता.

दोन अडचणी होत्या. पुटपुटणं आणि बोलणं यांत स्नायूंच्या लेखी फारसा फरक नाही, म्हणून पोटातलं ओठावर यायच्या आधीच गळ्यातून बाहेर यायचं. दुसरी म्हणजे आवाजाला चढउतार नाही. कुजबुजता येत नाही, खेकसता येत नाही. चहाची तक्रार आणि मयताची बातमी, दोन्ही एकाच पट्टीत.

पहिली अडचण नव्या नमुन्यात सोडवली होती. तुकड्यावर बोट टेकवलं तरच आवाज. तो द्यायलाच मी त्यांना त्या दिवशी बोलावलं होतं. जुना काढून नवा लावला. त्यांनी बोट टेकवलं.

"परवा चौथा उंबरठा. काय म्हणतीया नजर?"

"अजून निकाल आला नाही," मी म्हणाले.

निकाल सकाळीच आला होता.

*

कुपवाडच्या मगदूम उपकरणे या कारखान्यात मी एकोणिसाव्या वर्षी पॅकिंगला लागले. शिक्षण बारावी नापास. आज बावन्नाव्या वर्षी माझ्या दारावर पाटी आहे, 'पद्मिनी ऐवळे, प्रकल्प-मूल्यांकन'. मधलं सगळं चाचांनी टूलरूमच्या फरशीवर खडूनं शिकवलं.

आमच्याकडे नव्या मालाला पाच उंबरठे. हे नाव मालक अण्णासाहेब मगदुमांचं. पहिला कल्पनेचा, दुसरा नमुन्याचा, तिसरा रुग्णांवरच्या चाचणीचा. इथवर खर्च लाखांत. चौथ्याला साचे आणि चिपची लाइन टाकायची, म्हणजे कोटींत. पाचवा बाजार. चौथा ओलांडला की परत फिरायला वाट नसते.

नवा माल काढायचा की नाही हे ठरवणं म्हणजे आज पेरायचं आणि पाच वर्षांनी काय उगवतं त्याचा हिशेब आजच मांडायचा. उद्याचा रुपया आजच्यापेक्षा हलका, परवाचा त्याहून हलका. उशीर झाला की तो आणखी झिजतो. हे गणित मीही वहीत करत आले. पण वहीत एकच भविष्य मांडता येतं. अण्णासाहेब गेल्यावर त्यांच्या मुलीनं, चंदनाताईंनी बसवलेलं यंत्र दहा हजार भविष्यं मांडतं. एकात साचा तीन महिने उशिरा येतो, एकात सरकारी परवाना अडकतो, एकात कुणीतरी स्वस्त नक्कल काढतो. दहा हजारांपैकी किती वेळा आपण तरलो ते शेवटी कळतं.

ही झाली आकडेमोड. त्याची खरी करामत वेगळी. आकडे माणसं देतात आणि त्यात आपल्या आशा, भीती, मालकाची मर्जी असं काहीबाही मिसळतात. म्हणून यंत्रानं कारखान्याच्या पंचवीस वर्षांच्या फायली वाचल्या. कुणी काय अंदाज दिला, प्रत्यक्षात काय घडलं. त्यावरून प्रत्येकाच्या नावापुढे एक गुणक बसवला. तुम्ही आकडा द्यायचा, ते तुमच्या गुणकानं गुणून पुढे धरणार.

चंदनाताईंनी त्याचं नाव ठेवलं 'नजर'. वडिलांची.

त्या सकाळी माझ्या पडद्यावर एकच शब्द होता: थांबवा. दहा हजारांपैकी सव्वीसशे वेळाच 'कंठ' तरत होता. 'कंठ' म्हणजे चाचांच्या गळ्यावरचा तुकडा. मी आतली पानं उघडली. विक्री मी लिहिली होती वर्षाला चौदा हजार. तग धरायला लागतात बारा हजार. नजरेनं धरले होते नऊ हजार तीनशे. शेजारी बारीक अक्षरांत: 'माहिती देणार: प. ऐवळे. गुणक: ०.६७.'

मला ते खोटारडी म्हणालं नव्हतं. फक्त माझ्या नावापुढे एक आकडा लिहिला होता, डॉक्टर वजन लिहितो तसा.

मी खुर्चीत बसून राहिले. कारण तो गुणक बरोबर होता.

*

ही गोष्ट कारखान्यात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणीच कधी बोललेलं नाही, म्हणून नीट सांगते.

अण्णासाहेब देवमाणूस. पण त्यांना एक खोड होती. अंदाजाचा कागद पुढ्यात ठेवला की ते तो पालथा घालायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "तिसरा हिस्सा काढा." कसलाही माल असो, कसलाही आकडा असो, एक तृतीयांश वजा. पहिल्यांदा चाचांनी सक्शन पंपाचा सरळ आकडा दिला. अण्णासाहेबांनी तिसरा हिस्सा काढला. साचे कमी पडले, लाइन छोटी पडली, मागणी दारात उभी आणि माल नाही. वर्ष फुकट गेलं. पुढच्या खेपेला चाचांनी मला फरशीवर लिहून दाखवलं. शंभराचे दीडशे कर. दीडशेतला तिसरा हिस्सा गेला की राहिले किती?

"शंभर."

"लिव मग दीडशे."

तेव्हापासून आम्ही दीडपट लिहायला लागलो. विक्रीवाले, टूलरूमवाले, सगळेच. अण्णासाहेब डोळे मिटायचे, तिसरा हिस्सा काढायचे, आणि विक्री बरोब्बर त्यांच्या आकड्यावर यायची. बँकेचे लोक थक्क. सांगलीच्या व्यापारी मंडळानं सत्कार केला, 'द्रष्टा उद्योजक'. आम्ही मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या, आणि मनापासून वाजवल्या. म्हातारा खूश, धंदा सुरळीत. कुणाचं काय जात होतं?

अण्णासाहेब गेले. नजर आली. तिनं फायली वाचल्या, आमचं दीडपट पाहिलं आणि मुकाट्यानं तिसरा हिस्सा काढायला लागली. आम्हीही सवयीनं दीडपट लिहीत राहिलो. पुन्हा सगळं बरोबर. चंदनाताई पाहुण्यांना अभिमानानं सांगायच्या, "बाबा यंत्रात उतरलेत."

मग 'कंठ'च्या वेळी चौदा हजार का लिहिले?

कारण चाचांनी सांगितलं. ज्यांनी मला दीडपट शिकवली, त्यांनीच. तीन महिन्यांपूर्वी टूलरूममध्ये ते म्हणाले होते, "पद्मा, बाकी पंपाबिंपाचं ठीक हाय. ह्ये गळ्याचं काम हाय. ह्यात वाडवू नगंस. ज्यानं जीभ परत दिली त्याच्याशी पयल्याच कामात खोटं नगं." मला वाटलं, म्हातारपण आलं, देवाचं भय आलं. मी सरळ आकडा लिहिला. गुणकाचा विचार मनात आला नाही असं नाही. आला होता. पण वाटलं, इतकं शहाणं यंत्र, खरं बोललेलं त्याला कळेल.

खरं बोललेलं कळायला त्याच्याकडे माझं आधीचं एकतरी खरं हवं होतं ना.

*

विक्रीप्रमुख विलास उपाध्येंच्या केबिनमध्ये गेले. त्यांचाही गुणक तोच, ०.६७. ऐकून घेताना ते पेपरवेट फिरवत राहिले.

"आकडा बदला. एकवीस हजार करा."

"कुलूप लागलंय. बदलायचं तर लेखी कारण द्यावं लागतं."

"द्या की कारण. नव्या पाहणीत मागणी जास्त आढळली."

"पाहणी कुठंय?"

"चाळीस डॉक्टरांचे फॉर्म उद्या दुपारपर्यंत तुमच्या टेबलावर येतील." ते हसले. "अशी काय बघताय पद्माताई? एकवीस लिहायचे, नजर तिसरा हिस्सा काढणार, चौदा उरणार. चौदा खरे आहेत ना? मग खोटं कुठं आहे यात?"

हिशेब चोख होता. खोट्यातून खोटं वजा केलं की खरं उरतं, हे तर आम्ही बावीस वर्षं करत आलो.

"नाहीतर सरळ जाऊन चंदनाताईंना खरं काय ते सांगावं," मी म्हणाले.

पेपरवेट थांबलं. "काय सांगणार? एक, तुमची नोकरी. सहा वर्षं राहिलीत. दोन, माझी. मुलगा बारावीला आहे माझा. तीन, जाऊन म्हणणार, ताई, तुमचे वडील बावीस वर्षं..." त्यांनी वाक्य तिथंच सोडलं. ते वाक्य आजवर सगळ्यांनी तिथंच सोडलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी फॉर्म आले. निळी, काळी, हिरवी, तीन रंगांची शाई. एका डॉक्टरच्या सहीखाली चहाच्या कपाचं वर्तुळसुद्धा होतं. उपाध्ये कलाकार माणूस.

*

संध्याकाळी मिरजेला चाचांच्या घरी गेले. का गेले ते मलाही नीट माहीत नव्हतं. रशीदाचाचींनी चकल्या पुढे केल्या.

"दीड वर्ष घरात भांडण नव्हतं बघ," चाची म्हणाल्या. "पाटीवर लिहून भांडता येतं होय? मी चार शब्द बोलायची, हे खडू शोधायचे. मग मीच गप्प बसायला लागले. आता काल आमटीत मीठ जास्त झालं, तर अर्धा तास ऐकवलं मला." त्या पदरानं तोंड पुसत हसल्या. "इतकं बरं वाटलं."

मग त्यांनी विचारलं, "काम बंद झालं, तर ह्यांच्या गळ्याचं काढून नेतात काय गं?"

"काढून नेत नाहीत चाची. पण ऑपरेशनची जागा घट्ट होत जाते, स्नायू बदलतात. तुकड्याला दर महिन्याला नव्यानं शिकवावं लागतं. काम बंद झालं की शिकवणारं कुणी राहत नाही."

"मग?"

"मग हळूहळू शब्द चुकायला लागतील. चार-सहा महिन्यांत..."

चाची उठून आत गेल्या. चाचांनी गळ्यावर बोट टेकवलं.

"म्हंजी निकाल आलाय."

मी मान हलवली.

"किती धरलं तिनं?"

"नऊ हजार तीनशे."

त्यांनी दुसऱ्या हाताचं बोट मांडीवर फिरवलं, फरशीवर खडू फिरवायचे तसं. चौदा. तिसरा हिस्सा. बोट थांबलं. माझ्याकडे पाहिलं, आणि गळ्यावरचं बोट खाली आलं. त्यानंतर ओठ हलत राहिले, आवाज नव्हता. पण तेहतीस वर्षं मी त्या तोंडाकडे बघून धंदा शिकलेय. मला वाचता आलं.

मीच सांगितलं होतं. मीच सांगितलं होतं.

"चाचा, मी सोय केलीय," मी म्हणाले. पिशवीतली फॉर्मची फाइल दाखवली. एकवीसचं गणित सांगितलं. त्यांनी चाळीसच्या चाळीस फॉर्म पाहिले, कपाच्या वर्तुळावरून अंगठा फिरवला आणि फाइल मिटून परत दिली. दारापर्यंत सोडायला आले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

*

चौथ्या उंबरठ्याची सभा सकाळी अकराला, अण्णासाहेबांच्या फोटोखाली. चंदनाताई, उपाध्ये, मी, दोन-तीन खातेप्रमुख. चाचांना चंदनाताईंनी मुद्दाम बोलावलं होतं. टेबलावर शाल आणि नारळ ठेवलेला. काम थांबवायचं तर चाचणीच्या पहिल्या रुग्णाचा मान तरी राखावा, असा त्यांचा विचार. चांगुलपणा वडिलांकडून आलेला. तो कुठल्या यंत्रात घालावा लागला नव्हता.

"मला झोप लागली नाही," त्या म्हणाल्या. अडतिसाव्या वर्षी केस पांढरे झाले होते. "चाचांच्या कडेवर बसून मी या कारखान्यात पहिल्यांदा आले. हे काम थांबवणं म्हणजे... पण नजरेनं सांगितलंय. भावनेनं निर्णय घ्यायचे तर बाबांनीही घेतले असते. नाही घेतले." त्यांनी फोटोकडे पाहिलं. "मी फायली काढून बघितल्या. बावीस वर्षं, एकसष्ट प्रकल्प. बाबांनी काढलेला आकडा आणि झालेली विक्री यांत चार टक्क्यांच्या वर फरक नाही. एकदाही नाही. डोळे मिटून. ती नजर मी मोडली, तर मी त्यांची मुलगी कसली?"

पंख्याखाली शालीची झालर हलत होती.

"कुणाला काही सांगायचंय?"

टेबलाखालून उपाध्येंचा बूट माझ्या पायाला लागला. फाइल मांडीवर होती. मी ती वर घेतली.

"ताई, ते विक्रीच्या आकड्याबद्दल..."

"बोला ना पद्माताई."

त्यांनी इतक्या आशेनं माझ्याकडे पाहिलं की माझ्या लक्षात आलं, यांनाही 'कंठ' जगायला हवाय. मी एक कागद पुढे सरकवला की त्या लगेच सही करणार. चाचांचा आवाज राहणार, माझी नोकरी राहणार, अण्णासाहेबांची नजर राहणार. सगळ्यांचं भलं. आणि माझ्यामागून या खुर्चीत जी कुणी बसेल, ती पहिल्यांदा खरं लिहील तेव्हा पुन्हा कुणाचा तरी गळा असाच टेबलावर येईल.

"आकडा..." मी म्हणाले आणि पुढे शब्द येईना. माझा गळा शाबूत होता, तरी येईना. फाइलच्या कडेवर माझी बोटं तशीच राहिली.

चाचा खुर्चीतून उठले. चंदनाताईंना वाटलं शालीसाठीच उठले, म्हणून त्यांनी ती हातात घेतली. चाचांनी ती हलकेच त्यांच्या हातातून घेऊन परत टेबलावर ठेवली, माझ्या मांडीवरची फाइल उचलली आणि उपाध्येंच्या पुढ्यात पालथी घातली. मग उजव्या हाताचं बोट गळ्यावर नेलं. चुकून नाही, पुटपुटताना नाही. नीट टेकवलं.

"चंदा," चहाची तक्रार करतात त्याच पट्टीतला, खंडेनवमीच्या माइकवरचा आवाज म्हणाला, "तुझ्या बापाची नजर कधी नव्हतीच, बेटा. बावीस वर्षं आम्ही दीडपट लिवत हुतो. खरं लिवलं ते ह्या एका गळ्याचं."